'ट्रिव्हिअल' : एका विशेषणाचा अर्थ आणि समीक्षेतील विनियोग

(१)

विशेषणांची कार्ये स्थूलमानाने दोन मानली जातात. काही विशेषणे वस्तूचा गुण सांगतात, तर काही त्या वस्तूविषयी बोलणाऱ्याचा अभिप्राय सांगतात. 'तांबडा', 'चौकोनी', 'ओला' ही पहिल्या वर्गातली. 'थोर', 'हीन', 'सुंदर' ही दुसऱ्या वर्गातली. याखेरीज एक तिसरा वर्ग संभवतो आणि समीक्षेच्या दृष्टीने तोच अधिक धोक्याचा होय. या वर्गातील विशेषणे अभिप्रायच देतात, परंतु तो गुणवर्णनाच्या वेषात देतात. एखादी वस्तू 'सुंदर' आहे असे म्हणणाऱ्यास, ती सुंदर का, असा प्रश्न कोणीही विचारू शकतो. 'हा विषयच क्षुल्लक आहे' असे म्हणणाऱ्यास मात्र तसा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कारण क्षुल्लकता हा त्या विषयाच्या अंगचाच धर्म असावा, असे गृहीत धरले जाते. इंग्रजीतील 'ट्रिव्हिअल' हे विशेषण या तिसऱ्या वर्गाचे ठळक उदाहरण आहे.

महत्त्वहीनता दाखविणारी विशेषणे इंग्रजीत पुष्कळ आहेत. त्यांतून याच शब्दाची निवड करण्यास दोन कारणे आहेत. इंग्रजी साहित्यविचारात हा शब्द वारंवार येतो, हे एक. मराठीत त्याच्यासाठी 'क्षुल्लक' हा प्रतिशब्द इतका रूढ झाला आहे की, दोन्ही शब्दांच्या मागील कल्पना भिन्न आहेत याचा विसर पडतो, हे दुसरे. ही भिन्नता केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नाही. इंग्रजी समीक्षकाने दिलेला निर्णय मराठीत आणताना तो निर्णय नकळत बदलतो; आणि बदललेला निर्णय मराठी साहित्यकृतींनाही लावला जातो. म्हणून या शब्दाचा इतिहास, त्याचे शेजारी आणि समीक्षेतील त्याचा विनियोग या तीन बाबी क्रमाने तपासणे इष्ट ठरते.

(२)

'ट्रिव्हिअल' या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'त्रि' आणि 'विआ', म्हणजे तीन आणि वाट, यांपासून 'त्रिविउम' हा शब्द बनला. त्याचा अर्थ तीन वाटा मिळतात ती जागा. कोकणात अशा जागेला 'तिठा' म्हणतात. त्रिविउमवरून 'त्रिविआलिस' हे विशेषण सिद्ध झाले. तिठ्यावरचे, म्हणजे जेथे कोणीही येतो-जातो अशा जागेचे. म्हणून सर्वांना सुलभ, सामान्य, बाजारी, असा त्याचा अर्थविकास दिसतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियनने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात हे विशेषण प्राथमिक व सर्वांस ठाऊक असलेल्या ज्ञानाला लावले आहे. जुव्हेनलने आपल्या सातव्या उपरोधकाव्यात खऱ्या कवीचे लक्षण सांगताना, सर्वसामान्य टांकसाळीत पाडलेल्या नाण्यासारख्या काव्यासाठी हेच विशेषण योजिले आहे. या दोन्ही ठिकाणी 'लहान' किंवा 'बिनमहत्त्वाचे' हा अर्थ मुख्य नाही. मुख्य अर्थ 'सर्वांच्या हाती असलेले' हा आहे. तिरस्काराची छटा जुव्हेनलमध्ये आहे. परंतु ती सामान्यतेतून उद्भवलेली आहे, लघुत्वातून नव्हे.

तिठ्याला प्राचीन जगात आणखी एक बाजू होती, तीही ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रीकांची हेकाटी ही देवता तिठ्यांची स्वामिनी मानली जात असे आणि तिच्यासाठी अमावास्येच्या सुमारास तेथे अन्न ठेवण्याची चाल होती. रोमन कवींनी तिला आणि तिच्याशी एकरूप मानलेल्या डायानेला 'त्रिविआ' म्हटले. व्हर्जिलच्या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात हे नाव येते. कोकणात तिठ्यावर उतारा ठेवण्याची रूढी ज्यांना परिचित आहे, त्यांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. म्हणजे एकच जागा एकीकडे अतिसामान्य आणि दुसरीकडे अतिभयावह अशी होती. विशेषणाने मात्र यातील पहिली बाजू तेवढी उचलली.

मध्ययुगात 'त्रिविउम' हे नाव एका अभ्यासक्रमास मिळाले. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांचा तो गट होय. अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष यांचा 'क्वाद्रिविउम' हा त्यापुढचा गट. दोन्ही मिळून सात विद्या होत. या गटातील पहिल्या तीन विद्या प्रारंभिक असल्यामुळे 'ट्रिव्हिअल' या शब्दास क्षुल्लकतेचा अर्थ आला, अशी एक व्युत्पत्ती अनेकदा सांगितली जाते. ती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तीन विद्यांना हे नाव रूढ झाले ते क्विंटिलियन व जुव्हेनल यांच्यानंतर कित्येक शतकांनी. आणि 'सामान्य' हा अर्थ तर त्यांच्याच लेखनात उपस्थित आहे. उत्तरकालीन घटना पूर्वकालीन अर्थाचे कारण होऊ शकत नाही. तथापि, शिक्षणातील प्रारंभिक पायरी हा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटून राहिला, हेही खरे. पंधराव्या शतकात इंग्रजीत हे विशेषण प्रथम दिसते ते या तीन विद्यांच्या संबंधातच. ऑस्ट्रियात मारिया थेरेसाच्या १७७४ च्या शालेय कायद्याने ज्या प्राथमिक शाळा स्थापन झाल्या, त्यांचे अधिकृत नावच 'त्रिविआलशूल' असे होते. त्या नावात कोणताही अनादर नव्हता.

तिठ्यावर माणसे भेटत, गप्पा मारीत, म्हणून गप्पांचे विषय ते 'ट्रिव्हिअल', अशीही एक कथा प्रचलित आहे. ती मनोरंजक आहे, परंतु अनावश्यक आहे. 'सर्वांच्या वाटेवरचे, म्हणून सामान्य' एवढ्या कल्पनेने शब्दाचा सर्व प्राचीन वापर उलगडतो.

(३)

इंग्रजीत 'बिनमहत्त्वाचे' हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्थिर होऊ लागला. संक्रमणाचा हा काळ शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये स्पष्ट दिसतो. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात पित्याचे भूत निघून गेल्यावर हॅम्लेट आपल्या स्मृतीच्या पाटीवरील सर्व 'ट्रिव्हिअल' नोंदी पुसून टाकण्याची प्रतिज्ञा करतो. या नोंदी कोणत्या? ग्रंथांतील वचने, आकृती, तारुण्यात निरीक्षणाने टिपलेले संस्कार. एका विद्यार्थ्याने जमविलेली ही शिदोरी आहे. येथे 'क्षुल्लक' हा अर्थ घेतला तर वाक्य चुकत नाही. पण अर्धे हरवते. त्या काळातील विद्यार्थी सुभाषितांची व सर्वमान्य विचारांची वही ठेवीत. तिला 'कॉमनप्लेस' वही म्हणत. हॅम्लेटला पुसायच्या आहेत त्या या सर्वसामान्य, उसन्या, कोणाच्याही वहीत सापडतील अशा नोंदी. आता त्याच्याजवळ अशी एक आज्ञा आहे, जी दुसऱ्या कोणाच्याही वहीत नाही. 'सामान्य' आणि 'बिनमहत्त्वाचे' हे दोन्ही अर्थ एका विशेषणात जेथे एकत्र नांदतात, ते हे स्थळ होय.

'कॉमनप्लेस' या शब्दाची कथाही समांतर आहे. प्राचीन वक्तृत्वशास्त्रात 'सामान्य स्थान' म्हणजे अनेक प्रकरणांत उपयोगी पडणारा युक्तिवादाचा साठा. ते नाव गौरवाचे होते. पुढे तेही घसरले आणि 'चावून चोथा झालेले' या अर्थास येऊन पोहोचले. दोन्ही शब्दांत मुळात एक जागा आहे, दोन्ही जागा सर्वांच्या आहेत आणि दोन्ही शब्दांची अवनती एकाच कारणाने झाली. जे सर्वांचे, त्याला किंमत नाही, हे ते कारण.

१७५५ साली प्रसिद्ध झालेल्या डॉ. जॉन्सनच्या कोशात या संक्रमणाची जाणीवपूर्वक नोंद आहे. जॉन्सन 'ट्रिव्हिअल'चे दोन अर्थ देतो. पहिला अर्थ हीन, ग्राम्य, हमरस्त्यावर सहज मिळेल असे. दुसरा अर्थ हलके, किरकोळ, बिनमहत्त्वाचे. दुसरा अर्थ अधिक प्रचलित असला तरी तो तितकासा न्याय्य नव्हे, असा शेरा तो त्यास जोडतो. व्युत्पत्तीला धरून चालणाऱ्या कोशकाराचा हा आग्रह व्यवहारात टिकला नाही. दुसरा अर्थ आज प्रमुख आहे आणि पहिला जवळजवळ विस्मृत आहे. परंतु जॉन्सनच्या शेऱ्यात एक महत्त्वाचे सत्य दडले आहे. 'सामान्य' हे काही प्रमाणात तपासता येण्याजोगे विधान आहे. एखादी वस्तू सर्वत्र आढळते की नाही, हे पाहता येते. 'बिनमहत्त्वाचे' हे विधान, महत्त्वाचे कोणाला आणि कशासाठी, हे सांगितल्याशिवाय तपासता येत नाही. शब्द पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर सरकला तेव्हा तपासणीची सोय गेली. वर्णनाचा वेष तेवढा मागे राहिला. फ्रेंचमध्ये हा शब्द आजही ग्राम्यतेकडे झुकलेला आहे, हेही इंग्रजी व फ्रेंच ग्रंथ एकत्र वाचणाऱ्या अभ्यासकाने विसरू नये.

(४)

समानार्थी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शब्दांशी तुलना केल्यावर 'ट्रिव्हिअल'ची सीमा अधिक स्पष्ट होते. 'पेटी' हा शब्द फ्रेंच 'पती', म्हणजे लहान, यापासून आला. कचेरीतील किरकोळ खर्चाच्या रकमेला किंवा आरमारातील कनिष्ठ अधिकाऱ्याला तो निंदेविना लागतो. मनुष्यस्वभावास लावला असता मात्र कोतेपणा दाखवितो. 'पॉल्ट्री' (नागरी लेखनात हा शब्द कुक्कुटपालनाच्या शब्दासारखा दिसतो, एवढेच, त्यांचा परस्परसंबंध नाही) हा मुख्यतः रकमेच्या वा मोबदल्याच्या अपुरेपणाचा धिक्कार करतो. 'नेग्लिजिबल' मोजमापाचा शब्द आहे; मोजल्यानंतर जे हिशेबात न धरले तरी चालते ते नेग्लिजिबल. 'फ्रिव्होलस'मध्ये गांभीर्याचा अभाव आहे. न्यायालयात निराधार दाव्यास तो लागतो. 'ट्रायफ्लिंग' हा जुन्या फ्रेंचमधील फसवणूक व थट्टा या अर्थाच्या शब्दापासून आला असून त्यात खेळकरपणाची छटा टिकून आहे. 'न्यूगेटरी'च्या मुळाशी लॅटिन 'नूगी' आहे. कातुल्लुसने स्वतःच्या कवितांना हेच नाव विनयाने दिले होते.

या सर्वांत 'ट्रिव्हिअल'चे वैशिष्ट्य दोन बाबींत आढळते. पहिली अशी की, त्याला आकार वा संख्या यांचे बंधन नाही. रक्कम पॉल्ट्री असते, फरक नेग्लिजिबल असतो. परंतु हजार पृष्ठांचा ग्रंथ देखील ट्रिव्हिअल असू शकतो. दुसरी अशी की, त्यापासून 'ट्रिव्हिअलाइझ' हे क्रियापद सहज सिद्ध झाले आहे. गंभीर गोष्टीला क्षुल्लक करून टाकणे हा त्याचा अर्थ. 'पेटी' किंवा 'पॉल्ट्री' यांपासून असे क्रियापद इंग्रजीत रूढ नाही. भाषेने येथे जणू कबुलीच दिली आहे की, ही महत्त्वहीनता वस्तूत असतेच असे नाही. ती वस्तूला बहालही केली जाते.

(५)

विविध शास्त्रांनी या शब्दाचा जो पारिभाषिक उपयोग केला, तो साहित्याच्या अभ्यासकाने डोळ्याआड करू नये. गणितात समघात रेषीय समीकरणांच्या कोणत्याही संहतीला एक उत्तर नेहमीच असते. सर्व चलांची किंमत शून्य घेतली की समीकरणे सिद्ध होतात. या उत्तरास 'ट्रिव्हिअल' म्हणतात. रीमानने १८५९ च्या निबंधात ज्या फलनाचा विचार केला, ते ऋण सम पूर्णांकांच्या ठिकाणी शून्य होते. ही शून्ये ट्रिव्हिअल मानली जातात आणि सारे गूढ उरलेल्या शून्यांविषयी आहे. येथे तुच्छता नाही. शून्य उत्तर ट्रिव्हिअल ठरते ते प्रत्येक संहतीत सापडते म्हणून. विशिष्ट संहतीविषयी ते काहीच सांगत नाही म्हणून. 'सर्वांच्या ठिकाणी असणारे' हा क्विंटिलियनच्या काळचा अर्थ गणितज्ञांनी, बहुधा अजाणता, सुरक्षित ठेवला आहे. हिंदी परिभाषेत या अर्थी 'तुच्छ' हा शब्द स्वीकारला गेला आहे. त्यामुळे जेथे मूळ शब्दात अनादर नाही तेथे तो शिरला.

वनस्पतिशास्त्रातील उदाहरण याहून बोलके आहे. लिनीअसने १७५३ च्या 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीच्या जातीला दोन प्रकारची नावे दिली. एक लांबलचक, लक्षणे सांगणारे, शास्त्रशुद्ध नाव. हेच त्याच्या मते खरे नाव होते. दुसरा समासात छापलेला एकच सुटसुटीत शब्द. त्याला त्याने 'नोमेन त्रिविआले', म्हणजे नित्याच्या वापरातले नाव, म्हटले. कालांतराने लांब नावे लोपली. प्रजातीच्या नावापुढे हा एक शब्द जोडून होणारे द्विनाम जगभर प्रमाण ठरले. जे रोजच्या वाटेवरचे म्हणून गौण मानले होते, तेच शास्त्राचा पाया झाले.

कायद्याचे उदाहरण निराळ्या कारणाने उपयुक्त आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ९५ व्या कलमात किरकोळ इजा अपराध मानली जात नव्हती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद ३३ व्या कलमात आहे. इजा किरकोळ केव्हा समजावी? सामान्य समज व स्वभाव असलेली व्यक्ती जिच्याविषयी तक्रार करणार नाही, इतकी ती अल्प असेल तेव्हा. या कसोटीविषयी मतभेद होऊ शकतील. पण निर्णय कोणाच्या दृष्टीने करावयाचा, हे कायद्याने उघड सांगितले आहे. समीक्षक जेव्हा एखाद्या कृतीला क्षुल्लक म्हणतो, तेव्हा नेमके हेच तो सांगत नाही.

(६)

इंग्रजी साहित्यविचारात या शब्दावरून झालेले वाद या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजेत. पोपचे 'द रेप ऑफ द लॉक' प्रथम १७१२ मध्ये व विस्तारित रूपात १७१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच्या ओळींतच हे विशेषण येते. एका तरुणीच्या केसांची बट कापली जाणे, या घटनेतून उद्भवलेला महान कलह हा काव्याचा विषय होय. महाकाव्याची सर्व सामग्री एका बटेभोवती उभी करून पोप हास्य निर्माण करतो. हास्य शक्य होते ते लहान काय आणि मोठे काय याविषयी कवी व वाचक यांचे एकमत असते म्हणून. परंतु काव्य पुढे सरकते तसे हे एकमतही डळमळते. ज्या समाजात पतिव्रत्यास आणि चिनी मातीच्या भांड्यास लागलेला तडा सारख्याच काळजीचा विषय होतो, तेथे बट क्षुल्लक की मापन करणारा तराजू सदोष, असा प्रश्न उभा राहतो. ऑस्कर वाइल्डने १८९५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' या नाटकाच्या उपशीर्षकात गंभीर लोकांसाठी लिहिलेली 'ट्रिव्हिअल' सुखात्मिका असा निर्देश केला, तोही याच परंपरेतला. दोघेही शब्दाची दिशा उलटवितात. मात्र दोघेही शब्द विनोदाच्या आश्रयाने वापरतात.

वर्ड्‌स्वर्थने हा प्रश्न विनोदाविना घेतला. 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० च्या आवृत्तीला जोडलेल्या प्रस्तावनेत, काही समकालीन कवींच्या विचारांतील व भाषेतील क्षुल्लकपणा आणि हीनपणा यांविरुद्ध उठलेल्या ओरडीचा तो उल्लेख करतो. त्या ओरडीला तो सर्वस्वी खोटी ठरवीत नाही. हा दोष जेथे असेल तेथे तो कवीला कमीपणा आणणारा आहे, हे तो मान्य करतो. फक्त त्याचे परिणाम कृत्रिम नटवेपणाच्या परिणामांइतके घातक नसतात, असे म्हणतो. आपल्या कवितांचे वेगळेपण तो त्यांच्या हेतूत पाहतो. पुढे जाऊन तो असे प्रतिपादन करतो की, या कवितांत भावना ही कृतीला व प्रसंगाला महत्त्व देते. कृती व प्रसंग भावनेला महत्त्व देत नाहीत. या विधानाचे मोल फार आहे. महत्त्व विषयाकडून कवितेत येते, ही समजूत येथे उलटविली आहे. तथापि, विरोधकांचे समाधान झाले नाही. १८०७ च्या संग्रहावर फ्रान्सिस जेफ्रीने 'एडिंबरा रिव्ह्यू'मध्ये केलेल्या टीकेचा रोख पुन्हा विषयांच्या सामान्यतेवरच होता. येथे जॉन्सनने वेगळे केलेले दोन अर्थ पुन्हा मिसळलेले दिसतात. जेफ्री ज्याला महत्त्वहीन म्हणतो ते वस्तुतः सामान्यजनांच्या जीवनातले असते. आणि सामान्यजनांचे म्हणूनच ते त्याला महत्त्वहीन वाटते.

व्हर्जिनिया वुल्फच्या लेखनात हा प्रश्न सर्वांत तीव्र रूपाने येतो. १९२५ च्या 'द कॉमन रीडर' या संग्रहातील आधुनिक कादंबरीवरील निबंधात ती बेनेट, वेल्स व गॉल्सवर्दी यांच्यावर असा आरोप करते की, हे लेखक क्षुल्लक व क्षणिक गोष्टी सत्य आणि शाश्वत भासाव्यात यासाठी आपले अफाट कौशल्य खर्ची घालतात. त्याच निबंधात, मनावर क्षणोक्षणी पडणाऱ्या असंख्य संस्कारांचे वर्णन करताना ती 'ट्रिव्हिअल' हेच विशेषण पुन्हा योजते. आणि या वेळी ते संस्कार कादंबरीकाराने टिपावेत असे सांगते. सामान्यतः ज्याला मोठे समजतात त्यात जीवन अधिक असते व ज्याला लहान समजतात त्यात कमी, असे गृहीत धरू नये, असाही तिचा इशारा आहे. प्रथमदर्शनी येथे विसंगती वाटते. एकाच निबंधात एकच शब्द दोषदर्शक आणि आदेशदर्शक कसा? उत्तर असे की, पहिल्या ठिकाणी तो बाह्य तपशिलाच्या त्या लेखकांनी केलेल्या हाताळणीविषयी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी अनुभवाच्या कच्च्या द्रव्याविषयी. द्रव्य क्षुल्लक असल्याने कृती क्षुल्लक होत नाही. द्रव्यातून काहीच निष्पन्न न झाल्याने ती तशी होते.

चार वर्षांनी, १९२९ च्या 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये, वुल्फ या शब्दामागील न्यायाधीशालाच साक्षीस बोलावते. स्थूलपणे पाहता फुटबॉल आणि खेळ 'महत्त्वाचे' मानले जातात. वेशभूषेची आवड आणि कपड्यांची खरेदी 'ट्रिव्हिअल' ठरते. जीवनातील ही मूल्ये मग कादंबरीत येतात. युद्धाविषयीचे पुस्तक म्हणून ते मोठे. दिवाणखान्यातील स्त्रियांच्या भावनांविषयीचे म्हणून ते नगण्य, असे समीक्षक गृहीत धरतो. या दबावामुळे अनेक लेखिकांनी आपली मूल्ये बदलली. जेन ऑस्टिन आणि एमिली ब्राँटी यांनी बदलली नाहीत, असे तिचे निरीक्षण आहे. या युक्तिवादाचे बळ त्याच्या सहानुभूतीत नसून त्याच्या तर्कात आहे. 'ट्रिव्हिअल' हे विशेषण जी गोष्ट झाकून ठेवते, ती म्हणजे निर्णय देणाऱ्याचे स्थान. वुल्फने तेच उघडे केले.

यावर एक आक्षेप संभवतो. सर्व क्षुल्लकता जर पाहणाऱ्याच्या दृष्टीत असेल, तर कोणतीही कृती क्षुल्लक म्हणता येणार नाही आणि समीक्षेचे कामच संपेल. हा आक्षेप निराधार नाही. पण वर्ड्‌स्वर्थ आणि वुल्फ या दोघांनीही तो निष्कर्ष काढलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. दोघांनीही क्षुल्लक कृती असतात हे मान्य केले. फक्त क्षुल्लकतेचे अधिष्ठान विषयावरून हलवून निर्मितीवर नेले. रणांगणाचे वर्णन क्षुल्लक होऊ शकते आणि चहाच्या टेबलावरील संभाषण गंभीर होऊ शकते. समीक्षकाने शब्द टाकून द्यावा असे नव्हे. शब्द वापरताना त्याचे कारण दाखवावे, एवढीच मागणी आहे.

(७)

आता मराठी प्रतिशब्दांकडे वळता येईल. 'क्षुल्लक' हा शब्द संस्कृत 'क्षुद्र' याच्या प्राकृत वळणाच्या रूपापासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ 'लहान' असा आहे. या लघुत्वात निंदा असलीच पाहिजे असे नाही. दिगंबर जैन परंपरेत मुनिपदाच्या अलीकडील पायरीवरील व्रतस्थास क्षुल्लक म्हणतात. पाली त्रिपिटकातील 'खुद्दकनिकाय' या नावात हाच 'क्षुद्र' आहे. आणि त्या संग्रहात धम्मपदासारखा ग्रंथ समाविष्ट आहे. मराठीत मात्र या शब्दाला निंदा चिकटली. म्हणजे 'ट्रिव्हिअल'चा प्रवास सामान्यतेकडून महत्त्वहीनतेकडे झाला, तर 'क्षुल्लक'चा लघुत्वाकडून. मुक्काम एकच, परंतु वाटेवरची धूळ निराळी.

'ट्रिव्हिअल'शी खरे नाते आहे ते 'यःकश्चित' या शब्दाचे. संस्कृतात त्याचा अर्थ 'जो कोणी' एवढाच आहे; मराठीत तो 'अगदी नगण्य' या अर्थाने विशेषण झाला. जो कोणीही असू शकतो तो कोणीच नव्हे, हा न्याय तिठ्याच्या न्यायाहून वेगळा नाही. 'फुटकळ' आणि 'किरकोळ' हे बाजारातील शब्द सुटेपणा दाखवितात. 'नगण्य' हा मोजणीचा शब्द 'नेग्लिजिबल'ला अधिक जवळचा. मराठीत रस्ते मिळण्याच्या जागेवरून दुसराच अर्थ निघाला, हेही मनोरंजक आहे. 'चव्हाट्यावर आणणे' म्हणजे खाजगी गोष्ट सर्वांसमोर उघडी करणे. रोमन मनाला तिठ्यावरची वस्तू स्वस्त वाटली. मराठी मनाला चव्हाट्यावरची वस्तू लज्जास्पद वाटली.

या भेदाचा व्यावहारिक निष्कर्ष असा. इंग्रजी उताऱ्यात 'ट्रिव्हिअल' आढळल्यास प्रथम तो 'सामान्य' या अर्थाने आहे की 'बिनमहत्त्वाचे' या अर्थाने, हे ठरवावे. पहिल्या अर्थी 'सर्वसामान्य', 'नित्याचे', प्रसंगी 'बाजारी' हे शब्द योग्य. दुसऱ्या अर्थी 'क्षुल्लक' वा 'किरकोळ'. गणितात 'सहजसिद्ध' या शब्दाने काम भागते आणि अकारण अनादर टळतो. दोन्ही अर्थ मिसळलेले असतील, जसे जेफ्रीच्या टीकेत आहेत, तर अनुवादकाने एक शब्द निवडून मोकळे होण्याऐवजी ती मिसळ वाचकाच्या नजरेस आणून द्यावी.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष मराठी समीक्षेसंबंधी आहे. १९३० च्या आसपास बहरलेल्या लघुनिबंधावर, त्याचे विषय क्षुल्लक आहेत, असा आक्षेप घेतला गेला. लघुनिबंधाचे दोष दाखवावयाचे तर ते आत्मलोलुपतेत, साचेबंद कलाटणीत, लटक्या चिंतनात दाखविता येतील. विषय लहान, हा त्याचा दोष नव्हे. उलट, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांतील बहुतेक द्रव्य स्वयंपाकघर, प्रवास, सोवळेओवळे, रुसवेफुगवे असे घरगुतीच होते. बहिणाबाई चौधरींच्या १९५२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या कवितांत जाते, चूल, शेत आहे. विषयाच्या मापाने मोजले असते तर या दोन्ही कृती 'यःकश्चित' वर्गात पडल्या असत्या. त्या पडल्या नाहीत, कारण मराठी वाचकाने येथे विषयाच्या मापाचा आधार घेतला नाही. परंतु वाचकाने जो विवेक दाखविला, तो समीक्षेच्या परिभाषेत अद्याप पुरतेपणी उतरलेला नाही. प्रबंधांतून व परीक्षणांतून 'विषय क्षुल्लक असला तरी' हे शब्द आजही सहजपणे येतात. हे 'तरी' क्षमायाचनेचे आहे आणि ती क्षमा कोणाकडे मागितली जात आहे, हे लिहिणाराही सांगत नाही.

'ट्रिव्हिअल' या विशेषणाचा इतिहास हाच प्रश्न विचारावयास शिकवितो. सर्वांच्या वाटेवर जे असते ते किंमतशून्य, असा निर्णय एका भाषेने एकदा दिला आणि नंतर तो निर्णय शब्दार्थ म्हणून कोशात स्थिरावला. लिनीअसच्या समासातील नावांनी आणि वर्ड्‌स्वर्थच्या कवितांनी तो निर्णय आपापल्या क्षेत्रात फिरविला. समीक्षकाला तो फिरवावयाचा असो वा कायम ठेवावयाचा असो, निर्णय आपण देत आहोत, वस्तू आपल्याला तो सांगत नाही, एवढी जाणीव त्याने ठेवणे अवश्य आहे.